लांबडी ग्लॅडिस सभेला आली तेव्हा

आमच्या खोऱ्यात कुठलीही गोष्ट ठरवायची तर सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. एकानं जरी "माझी हरकत आहे" म्हटलं तरी विषय बारगळला. तरुणपणी सिडनी-मेलबर्न सोडून आम्ही या डोंगरात सामाईक जमीन घेतली, तेव्हा हा नियम आम्हाला फार थोर वाटला होता. तेव्हा आमचे केस कमरेपर्यंत होते. आता केस गेले, नियम तेवढा राहिला.

दुसरा नियम काठीचा. सभेत ज्याच्या हातात काठी तोच बोलणार. बाकीच्यांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हरकत घ्यायची तीसुद्धा काठी हातात आल्यावरच. हा नियम कुणी कधी मोडलेला नव्हता. एकदा रॉझ शेणखतावर बोलत असताना हॉलच्या आढ्यावरून भलाथोरला अजगर मर्व्हच्या खांद्यावर पडला. मर्व्ह बसून राहिला. आम्हीही बसून राहिलो. रॉझनं शेणखत संपवलं, मग गांडुळं घेतली, तीही सावकाश संपवली आणि काठी पुढं दिली, तेव्हा कुठं मर्व्ह म्हणाला, "माझ्या मानेवरचं जरा कुणीतरी काढा." असे आम्ही लोक.

सभा महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी असते. ती चालवायचं काम माझ्याकडे आहे, कारण नोरीन खमकी आहे असं सगळ्यांचं मत. खमकी वगैरे काही नाही. मी वेळेवर येते आणि घंटा वाजवते. आमच्यात तेवढ्यावर माणूस खमका ठरतो.

आणि तिसरी गोष्ट, म्हणजे थेल्माचा केक. हा नियम नव्हे, रीत आहे. केळी, मॅकाडेमियाचे दाणे आणि मर्व्हचा गांजा मुरवलेलं लोणी. केकात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला नको असेल त्याच्यासाठी शेजारी बिस्किटांचा डबा ठेवलेला असतो. त्या डब्यातली बिस्किटं मऊ पडून जातात, यावरून काय ते समजा. सभा चालवणाऱ्यानं मात्र सभा संपेपर्यंत केकाला हात लावायचा नाही. हे कलम कुणी आणि का घातलं मला माहीत नाही, पण ते बहुधा माझ्यावर राग असलेल्या माणसानं घातलं असावं.

मर्व्हच्या वाणाचं नाव गोधडी. झाड बुटकं, अंगानं भरलेलं, पानं पसरट, बोंडं घट्ट आणि जड. खाल्ली की पाय जड होतात, पापण्या उतरतात, जग फार चांगलं आहे असं वाटतं आणि त्या जगासाठी उठून काही करावंसं मात्र अजिबात वाटत नाही. त्यामुळं आमच्या सभेत भांडणं होत नाहीत. कामंही होत नाहीत. विषय निघतो, काठी फिरते, जांभया फिरतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "पुढच्या महिन्यात बघू." त्यावर मात्र लगेच एकमत होतं.

बरीच वर्षं याचं कुणाला काही वाटलं नाही. मग मोठ्या पुरात थेल्माचा साकव वाहून गेला.

थेल्मा ओढ्यापलीकडे राहते, आता एकटीच. पुरानंतर दोन्ही काठांवरचे दगडी खांब तेवढे शाबूत राहिले होते. तिच्या नवऱ्यानं, डार्सीनं, लगेच नवी लाकडं तासायला घेतली. दोन लांब वासे, चालायच्या फळ्या, कठड्याचे दांडे, एकेका फळीला मोजून पाडलेली भोकं. सगळं तयार करून त्यानं अलीकडच्या काठावर ताडपत्रीखाली रचून ठेवलं, आणि साकव घालायच्या आधीच तो गेला. लाकडं तशीच राहिली. ताडपत्रीखाली एका निळ्या जिभेच्या सरड्यानं बिऱ्हाड थाटलं. थेल्मा ये-जा करू लागली ती दोरीवरच्या पाळण्यातून. पाळणा म्हणजे जुन्या होल्डन गाडीची सीट, वर एक कप्पी, आणि दोरी आपली आपण ओढायची. थेल्मा घरी असली की पाळणा पलीकडच्या खुंटीला अडकवलेला असे, इकडून तो ओढता येत नसे, त्यामुळं तिच्याकडे जायचं तर ओढ्यातूनच जावं लागे.

एका हिवाळ्यात ती अंगणात पडली आणि मनगट मोडलं. ॲम्ब्युलन्सची माणसं ओढ्यापर्यंत आली, त्यांनी पाळण्याकडे पाहिलं आणि पलीकडे ओरडून सांगितलं, "आजी, आम्ही काय यात बसणार नाही." शेवटी आजीच मोडक्या हातानं दोरी ओढत त्यांच्याकडे आल्या. ही बातमी ब्रिस्बेनला तिच्या मुलीपर्यंत, जोॲनपर्यंत पोचली. जोॲननं फोनवर निक्षून सांगितलं, "आई, ते घर नाही, सर्कस आहे. जूनच्या जोडसुट्टीला मी व्हॅन घेऊन येतेय. तोवर साकव झाला तर ठीक. नाहीतर सामान भरायचं आणि माझ्याबरोबर यायचं. इथं ज्येष्ठांसाठी छान जागा आहे. लिफ्ट आहे, नर्स आहे, बिंगो आहे."

"बिंगो," थेल्मा मला म्हणाली. "नोरीन, माझा डार्सी त्या लिचीच्या झाडाखाली आहे गं. आणि मी बिंगोला जाऊ?"

मला रडू आलं. मला रडू आलं की मी चिडते, म्हणून मी तिला सांगितलं की तुझे हे स्कोनचे पाव आतून कच्चे राहिलेत. तिनं माझा हात थोपटला. पन्नास वर्षांच्या मैत्रीत एवढं कळतं.

तर साकवाचा विषय दर महिन्याला निघायचा आणि दर महिन्याला झोपायचा. त्यात वेंडल. वेंडल म्हणजे आमचा निवृत्त शाळामास्तर, आणि ओढ्यातल्या प्लॅटिपसचा, म्हणजे त्या बदकाच्या चोचीच्या पाणप्राण्याचा, स्वयंघोषित वकील. ओढ्यात एक प्लॅटिपस आहे, साकवाच्या खाली तिचं बीळ आहे, हातोड्याच्या दणक्यानं ते ढासळेल, म्हणून साकवाला आपण हरकत घेणार, असं तो सगळीकडे सांगत असे. ही प्लॅटिपस कुणीही पाहिलेली नव्हती. वेंडलनंही नव्हती. पण हरकत घ्यायची वेळच त्याच्यावर आली नाही. ती यायच्या आत गोधडी सगळ्यांवर पांघरलेली असे.

पुढच्या शरदात, म्हणजे आमच्याकडे मार्च ते मे, पाऊस थांबेचना. कपाटातले बूट हिरवे झाले, जळवा स्वयंपाकघरापर्यंत आल्या. आणि जूनच्या सभेच्या आधी मर्व्ह माझ्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला, टोपी काढून हातात धरलेली.

"गेली," तो म्हणाला.

"कोण गेली?"

"गोधडी. अख्खीच्या अख्खी. बोंडं एवढी घट्ट की पाणी शिरलं ते निघालंच नाही. आतून राखाडी बुरशी. दाबलं की धूर उडतो गं." त्यानं टोपी चुरगळली. "केकात काय घालणार आता?"

"लिंडसेकडे ग्लॅडिस आहे की."

मर्व्हनं टोपी डोक्यावर घातली. "ग्लॅडिस? सभेला? नोरीन, तू बरी आहेस ना?"

त्याच्या घाबरण्यात तथ्य होतं. लांबडी ग्लॅडिस हा लिंडसेचा वाण. लिंडसे पूर्वी विजेच्या खांबांवर चढायचं काम करायचा, त्यामुळं उंच गोष्टींचं त्याला आकर्षण. झाड छपराला लागतं. अंगानं शिडशिडीत, पानं म्हातारीच्या बोटांसारखी निमुळती, बोंडं सुटी-सुटी. वारा आरपार जातो, म्हणून कितीही पाऊस पडला तरी बुरशी धरत नाही. वास लिंबाची साल सोलल्यासारखा, मागून जरासा मिऱ्याचा. बाकीच्यांचा माल कापून, वाळवून, डब्यात गेला तरी ग्लॅडिस आपली अजून फुलतेच आहे. लग्नाला न्यायला आलेली गाडी दारात हॉर्न वाजवतेय आणि बाई अजून आरशासमोर, तशी. तिची उंची लपत नाही म्हणून पोलिसांच्या हेलिकॉप्टरच्या दिवसांत लिंडसे तिला वाकवून बांधतो आणि तिच्या अंगावर घेवड्याचे वेल चढवतो. "तीन हिस्से ती उंच सटायव्हा जात, एक हिस्सा कुणास ठाऊक," असं तो तिच्या कुळाविषयी सांगतो, शर्यतीच्या घोड्याविषयी सांगावं तसं.

नाव मात्र त्याच्या सासूचं. ती बाईही अशीच उंच आणि काटकुळी होती. तुमच्याकडे चहाला यायची, बसायची नाही, तुमचं कपाट उघडून रिकामं करायची, पुसायची, परत लावायची, आणि तेवढ्या वेळात मावसबहिणीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची कथा सांगून त्यातून हसत हसत चौथ्याच विषयावर पोचायची. वाण अगदी तसाच आहे. गोधडी पायांत उतरते, ग्लॅडिस डोक्यात चढते. झोप उडते, कल्पना सुचतात, जीभ सुटते, सगळ्याचं हसू येतं, तोंडाला कोरड पडते आणि मग भूक लागते. जास्त झाली तर छातीत धडधडतं. मर्व्हनं एकदाच ती ओढली होती. त्यानं अख्खी शेड आवरली, खिळे लांबीप्रमाणे लावले, आणि मग पाण्याच्या टाकीखाली लपून बसला, कारण झाडावरचे काकाकुवा आपल्याविषयीच बोलताहेत अशी त्याची खात्री झाली होती.

थेल्मानं केकात नेहमीच्या निम्मंच लोणी घातलं. हॉलच्या दारावरच्या फळ्यावर मी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: आज गोधडी नाही. ग्लॅडिस आहे. जपून. सगळ्यांनी ते वाचलं, माना डोलावल्या, आणि जपून दोन-दोन तुकडे घेतले.

थेल्मा त्या दिवशी निळा स्वेटर घालून आली होती. ही तिची शेवटची सभा होती हे सगळ्यांना माहीत होतं, कारण पुढच्याच शनिवारी जोॲन यायची होती. ती पहिल्या रांगेत बसली आणि आपली चालायची काठी तिनं खुर्चीला टेकवली. तीही डार्सीनंच केलेली. पडलेल्या एकाच फांदीतून त्यानं दोन काठ्या कोरल्या होत्या, एक सभेसाठी, तिच्या मुठीवर बेडूक. एक बायकोच्या पुढच्या दिवसांसाठी, तिच्या मुठीवर घोरपड.

केकातली नशा चढायला वेळ लागतो. त्यामुळं गटार आणि रस्त्यावरचं गवत हे विषय रीतसर झाले, म्हणजे पुढच्या महिन्यावर गेले. मग मी म्हटलं, "थेल्माचा साकव," आणि त्याच वेळी ग्लॅडिस आली. मला ते रॉझच्या डोळ्यांवरून कळलं. रॉझ मातीची भांडी करते आणि एरवी तिचे डोळे भट्टीतून काढल्यासारखे अर्धवट मिटलेले असतात. ते टक्क उघडले.

काठी आधी लिंडसेकडे होती. "साकव झालाच पाहिजे," तो म्हणाला. "आजच झाला पाहिजे! लाकडं तयार, खांब तयार. आपण काय माणसं आहोत की भोपळे?" थेल्माचा चेहरा उजळला. माझाही उजळला असावा. "फक्त मी म्हणतो, साकव करायचाच तर वर छप्पर का नको? पावसात म्हातारीनं भिजायचं? आणि छप्पर आलं की त्यावर पॅशनफ्रूटचा वेल—"

रॉझनं काठी जवळजवळ हिसकावलीच. कठड्याला टाइल्स हव्यात. प्रत्येक टाइलवर बेडूक. प्रत्येक बेडूक वेगळा. नाही, थांबा, प्रत्येक बेडकाचा चेहरा आपल्यापैकी एकेकाचा! हॉलमध्ये हसू फुटलं, पण बिनशब्दांचं. माणसं पोट धरून, तोंडावर हात दाबून हसत होती आणि मोकळा हात काठीसाठी पुढं करत होती. मर्व्हला काठी मिळाली. त्यानं साकवाच्या मधोमध बाक टाकला, बाकाशेजारी चहाची टपरी काढली, टपरीवर कोण बसणार हे ठरवलं, आणि मग त्याला प्रश्न पडला की साकव थेल्माकडेच का थांबावा? तो तसाच पुढच्या डोंगरावर का जाऊ नये? "आणि तिथून समुद्राला!" मर्व्ह ओरडला. त्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी अजगराच्या दिवशीही ऐकलं नव्हतं.

मी घंटा वाजवत होते. कुणी ऐकत नव्हतं. आधी हा साकव दर महिन्याला झोपायचा. आता तो उडून चालला होता, आणि दोन्ही वेळा थेल्मा होती तिथंच.

मग वेंडल उठला. त्यानं शर्टाची बटणं नीट केली, म्हणजे हरकत येणार. "प्लॅटिपस," तो म्हणाला, "अंडी घालते आणि दूधही पाजते. या एका वाक्याचा तुम्ही कधी विचार केलाय का?" कुणी केला नव्हता. वेंडलनं आम्हाला करायला लावला. तिच्या चोचीला डोळे मिटूनही पाण्यातलं भक्ष्य कसं कळतं, नराच्या पायाला विषारी काटा का असतो, काटा असूनही तो किती लाजरा, आपणही तरुणपणी कसे लाजरे होतो, पहिल्या बायकोला मागणी घालताना आपण चुकून तिच्या आईलाच कशी फुलं दिली. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्यानं भारावून काठी थेल्माच्या हातात ठेवली, खाली बसला, आणि बसता क्षणी त्याचा चेहरा पांढरा पडला. हरकत घ्यायची राहूनच गेली होती.

तो हात वर करून खुर्चीत तडफडू लागला. पण काठी थेल्माकडे होती.

थेल्मा उभी राहिली. आम्हा सगळ्यांकडे तिनं एकदा नजर फिरवली. "मला वाटलं होतं," ती म्हणाली, आणि थांबली. मग ती वळली आणि काठी टेकत दाराबाहेर गेली.

आम्ही थांबलो. बाथरूमला गेली असेल असं वाटलं. थोड्या वेळानं ओढ्याच्या बाजूनं कप्पी करकरली.

सगळे धावत काठावर गेलो तोवर ती पलीकडे पोचली होती. पाळणा तिनं तिकडच्या खुंटीला अडकवला, लिचीखालच्या खुर्चीत बसली आणि काठी मांडीवर आडवी घेतली. बसली ती बसलीच. एक शब्द बोलेना.

काय डोकं आहे म्हातारीला! मी मनात म्हटलं. सभा संपलेली नाही, काठी तिच्या हातात, म्हणजे बोलायचा हक्क तिचा, आणि ती काठी खाली ठेवत नाही तोवर या काठावर कुणाला तोंड उघडायची सोय नाही. पावसानं ओढा तपकिरी होऊन फुगलेला. आणि अलीकडच्या काठावर नखशिखांत ग्लॅडिस भरलेली माणसं, प्रत्येकाच्या ओठांमागं महत्त्वाच्या विषयांची रांग लागलेली.

मी आयुष्यात बरंच पाहिलंय, पण त्या दुपारसारखं काही नाही. रॉझ दोन्ही हातांनी हवेत बेडूक काढून दाखवत होती आणि कुणी बघत नव्हतं. मर्व्ह येरझारा घालत होता, तोंडातल्या तोंडात समुद्रापर्यंत जाऊन परत येत होता. वेंडलनं तर कहर केला. त्यानं पलीकडे बघून दोन्ही हातांची फुली केली, मग हात पंख्यासारखे हलवून प्लॅटिपस केली, मग पुन्हा फुली. थेल्मानं त्याला हात हलवून टाटा केला. ओरडून "काठी ठेव" एवढं म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. पण नियम म्हणजे नियम. अजगराला पुरून उरलेली माणसं आम्ही.

ग्लॅडिसला जिभेवरून वाट दिली नाही तर ती हातांत उतरते, हे मला त्या दिवशी कळलं. लिंडसे बोटं मोडत उभा होता. एकदा पलीकडच्या काठीकडे, एकदा ओढ्याकडे, एकदा ताडपत्रीकडे, अशी त्याची नजर फिरली. मग त्यानं ताडपत्री ओढून काढली. सरडा निळी जीभ दाखवून निघून गेला. लिंडसेनं वाशावर थाप मारली आणि पलीकडे बोट दाखवलं. बोलायचंय ना? मग चला.

पुढं काय झालं ते मी शपथेवर सांगू शकते, कारण तिथं शुद्धीवर असलेली मी एकटीच. लिंडसे दोरी घेऊन काठावरच्या झाडावर खारीसारखा चढला. मर्व्हनं ट्रॅक्टर आणला. वासा उचलला गेला, हवेत फिरला, माझ्या टोपीवरून गेला आणि पलीकडच्या दगडी खांबावर अलगद टेकला. दुसराही टेकला. मग फळ्या. डार्सीची भोकं एकमेकांशी अशी जुळत होती की जणू तोच शेजारी उभा राहून सांगतोय, आता ही, आता ती. ना हाक, ना शब्द, नुसते हातोडे. मध्येच कुणाला हसू फुटे, मग ते सगळ्यांना लागे, माणसं फळ्यांवर डोकं टेकून बिनआवाजाची हसत आणि पुन्हा खिळा घेत. मर्व्हनं खिळे आधी लांबीप्रमाणे लावले, मग ठोकले. आणि सगळ्यांत पुढं, सगळ्यांत जोरात ठोकत कोण होतं? वेंडल. त्याला हरकत घ्यायची होती. साकव झाल्याशिवाय काठी मिळणार नव्हती, आणि काठी मिळाल्याशिवाय साकवाला हरकत घेता येणार नव्हती.

ऊन डोंगराआड जायला लागलं तेव्हा शेवटची फळी बसली. वेंडल तिच्यावर चढूनच पलीकडे उतरला. आम्ही सगळे त्याच्या मागं रांगेनं साकवावर. तो थेल्मापुढं जाऊन उभा राहिला, घामाघूम, तोंडाला कोरड, आणि त्यानं हात पुढं केला.

थेल्मानं त्याच्याकडे वर पाहिलं. डोळे रडून सुजलेले होते. "काय रे? पाय दुखतायत?" तिनं काठी त्याच्या हातात दिली. "घे, टेक जरा. पण परत दे हं. तिच्यावाचून माझं चालत नाही."

थेल्माची नजर मुठीवर गेली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा तर बेडूक! माझी घोरपड कुठाय?"

तिची घोरपड हॉलमध्ये खुर्चीला टेकलेली होती. डोकंबिकं काही चालवलं नव्हतं बाईनं. बोलता येईना म्हणून ती उठून घरी निघून आली होती, आणि हाताला लागली ती काठी टेकत आली होती. आता काठी वेंडलकडे होती आणि बोलत होती थेल्मा, म्हणजे नियम पहिल्यांदाच मोडला होता. माझ्या ते लक्षात आलं. पण घंटा मी हॉलमध्ये विसरले होते.

"म्हणजे तुम्ही दिवसभर गप्प होतात ते हिच्यामुळं?" थेल्मा आमच्या एकेकाकडे बघत म्हणाली. "आणि मी इथं बसून रडतेय वेडी. मला वाटलं, मी चाललेय म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. म्हणून कुणी बोलत नाही, म्हणून आपले ठोकताहेत."

रॉझनं खाली पाहिलं. मर्व्हनं टोपी काढली. मला रडू आलं, आणि चिडायला जवळ कुणी स्कोनसुद्धा भाजलेले नव्हते.

काठी वेंडलच्या हातात होती. बोलायचं तर त्यानंच. त्यानं घसा खाकरला.

"वाटतंयच की वाईट," तो म्हणाला. "डार्सी गेला तेव्हापासून वाटतंय. कसं सांगायचं ते कळत नव्हतं." त्यानं नाक पुसलं. "खायला काय आहे, थेल्मा?"

आधी लिंडसे हसला, मग सगळेच, आणि या वेळी आवाज करून. थेल्मा डोळे पुसत पाव शोधायला उठली. पण वेंडलनं हात वर केला. मास्तर तो मास्तरच. "एक मिनिट. साकवाबद्दल माझी..." एक शब्द, आणि नियमाप्रमाणे सगळ्या फळ्या उखडायच्या. त्यानं साकवाकडे पाहिलं. डार्सीच्या भोकांमध्ये खिळे बसले होते, दोन-तीन वाकडे; ते त्याचेच होते. त्यानं थेल्माकडे पाहिलं. ती हातात पावाची सुरी घेऊन दारात थांबली होती.

"पुढच्या महिन्यात बघू," वेंडल म्हणाला.

शनिवारी जोॲन व्हॅन घेऊन आली. साकवाच्या मधोमध उभी राहून तिनं जोरजोरात उड्या मारल्या, कठडा हलवून पाहिला, वाकडे खिळे पाहून नाक मुरडलं, आणि मग बराच वेळ कठड्याला धरून नुसती उभी राहिली. बापाच्या हातची लाकडं तिनं ओळखली असावीत. रिकामी व्हॅन परत कशाला न्यायची, म्हणून रॉझनं तिच्यात बेडकांच्या टाइल्स भरून दिल्या.

पुढचा शरद कोरडा गेला. मर्व्हची गोधडी पुन्हा धष्टपुष्ट झाली आणि केकात परत आली. दर महिन्याला मी विषय वाचते, "साकवाला वेंडलची हरकत." वेंडल काठी हातात घेतो, उभा राहतो, एक लांब जांभई देतो. सभेनंतर तो साकवावरून थेल्माकडे चहाला जातो, म्हणून तो सभा कधी लांबू देत नाही.